बक्षीस घ्यायला दोघांनी या

बँकेची नोकरी संपल्यावर मी पुण्यातल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसायला लागले. ग्राहक चळवळ या शहराला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती इथेच, आणि देशाचा ग्राहक संरक्षण कायदा व्हायला त्यानंतर १९८६ साल उजाडावं लागलं. त्या परंपरेतलं आमचं केंद्र अगदी छोटं आहे. दोन टेबलं, एक कपाट आणि आपापल्या पिशवीत कागद घेऊन आलेली माणसं.

येणाऱ्या तक्रारींचे काही ठरलेले सूर असतात. बिल्डरने ताबा दिला नाही म्हणून येणारा माणूस चिडलेला असतो. विम्याचा दावा फेटाळला गेलेला माणूस थकलेला असतो. नवा फ्रिज आठवड्यात बंद पडला तर माणूस भांडायच्या तयारीनेच येतो. पण ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ म्हणून बोलावून घेऊन ज्यांच्या गळ्यात हॉलिडे क्लबचं सभासदत्व मारलं जातं, ती माणसं ओशाळलेली असतात. खुर्चीच्या कडेवर बसतात, फाईल मांडीवरच ठेवतात आणि कागद दाखवण्याआधीच सांगून टाकतात, “मॅडम, चूक आमचीच आहे. फुकटच्या नादी लागलो.”

मला लिहायचं आहे ते या ओशाळलेपणाबद्दल. हे काम करता करता माझी खात्री झाली आहे की हा सगळा धंदा त्याच्याच आधाराने चालतो.

सुरुवात एका छोट्या कुपनाने होते. पेट्रोल पंपावर, मॉलच्या दाराशी, एखाद्या प्रदर्शनात, कधी हॉटेलातल्या बिलाबरोबर ते हातात येतं. गोव्यात कळंगुट-बागा रस्त्यावर पर्यटकांच्या हातात स्क्रॅच कार्ड ठेवतात, तोही याच घरातला प्रकार. कुपनावर गाडीचं चित्र असतं, फ्रिजचं असतं, समुद्रकिनाऱ्याचं असतं. खाली नाव आणि मोबाइल नंबर. त्याच्या पुढचे रकाने मात्र सावकाश वाचावेत असे असतात. विवाहित की अविवाहित? वय? दोघांचं मिळून उत्पन्न? स्वतःची चारचाकी आहे का? क्रेडिट कार्ड कोणत्या बँकेचं?

मी बँकेच्या कर्ज विभागात होते. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही नेमकं हेच विचारत असू. सोडतीला चिठ्ठीवर नाव असलं की पुरतं. तिला उत्पन्नाचा आकडा कशाला लागतो? तो अर्ज सोडतीचा नसतोच. कोणाकडे पैसे आहेत, कोणाला हप्ता झेपेल आणि कोणाला फोन करायचा, हे निवडण्यासाठी तो भरून घेतलेला असतो.

मग फोन येतो. अभिनंदन, तुमचं नाव लकी ड्रॉमध्ये निघालं आहे. भेटवस्तू घ्यायला अमुक हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये संध्याकाळी या. तासाभराचा छोटा कार्यक्रम आहे, काही विकत घ्यायची सक्ती नाही. जाता जाता तीन अटी सांगितल्या जातात: नवरा-बायको दोघांनी यायचं, कार्यक्रम संपेपर्यंत थांबायचं आणि ओळख पटवायला क्रेडिट किंवा डेबिट कार्ड बरोबर ठेवायचं.

या अटी ऐकायला साध्या वाटतात, पण त्यांच्यामागे पक्का विचार असतो. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. नाही म्हणायची ती आपल्याकडची सभ्य रीत आहे. दोघंही समोर बसली की ती वाट बंद होते. कार्यक्रम संपेपर्यंत थांबायचं, कारण पहिला तास माणसाला सैलावण्यात जातो आणि खरी विक्री शेवटच्या अर्ध्या तासात होते. आणि कार्ड हवं, कारण ‘पैसे बरोबर आणले नाहीत’ ही दुसरी सभ्य वाट. ओळख पटवायला आधार कार्ड पुरलं असतं. मागितलं जातं ते मशीनमध्ये घालता येणारं कार्ड.

हॉलच्या आत काय चालतं ते मला तक्रारदारांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. ते सलगपणे सांगितलं एका मुलाने. तो ग्राहक म्हणून आला नव्हता. अशाच एका ठिकाणी काम करून बाहेर पडला होता आणि त्याचा पगार अडकला होता. ते आमच्या केंद्राचं काम नव्हे. आम्ही त्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा रस्ता दाखवला. पण अर्ज लिहिता लिहिता तो बोलत राहिला.

त्याने सांगितलं की संगीत मुद्दाम मोठं लावतात. शेजारच्या टेबलावर काय किंमत सांगितली जातेय ते इकडच्या जोडप्याला ऐकू येऊ नये म्हणून. पहिला अर्धा तास विक्रीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. गाव कुठलं, मुलं कितवीत, शेवटचं फिरायला कुठे गेला होतात, असं विचारायचं. “मुलांना शेवटचं कुठे नेलंत?” हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारायचा आणि उत्तर आलं की थोडा वेळ गप्प बसायचं. मग कोरा कागद घ्यायचा आणि समोरच्याला सुलट दिसेल असं उलट्या बाजूने लिहायचं: वर्षाला एक सहल, हॉटेलचं भाडं इतकं, दर वर्षी इतकी वाढ, पंचवीस वर्षांत एकूण इतके लाख. ही उलट लिहायची सवय त्याच्याकडून घोटून घेतली होती. त्या भल्यामोठ्या आकड्याखाली सभासदत्वाची किंमत लिहिली की ती लहान दिसते.

जोडपं नाही म्हणालं की मॅनेजर येतो. तो किंमत उतरवतो, पुन्हा उतरवतो आणि सांगतो की हा दर फक्त आजचा, या हॉलपुरता. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला टाळ्या वाजतात. माइकवर कोणा सभासद झालेल्या जोडप्याचं अभिनंदन होतं. मी त्या मुलाला विचारलं, “आजच का? उद्या तोच दर दिला तर कंपनीचं काय बिघडतं?” तो म्हणाला, “मॅडम, उद्या ते घरी बसून बेरीज करतात.”

हे वाक्य मला कायद्याच्या पुस्तकातल्या कुठल्याही कलमाइतकं मोलाचं वाटतं. जो सौदा एका रात्रीचा विचार सोसू शकत नाही, त्यात काय दडलंय हे विकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं.

आता कागदांकडे वळते, कारण बँकेतल्या माणसाची नजर शेवटी तिथेच जाते. हे करार माझ्या हातात आले की मी एक कलम आधी शोधते. शब्द थोडे इकडेतिकडे असतात, अर्थ एकच: तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. संध्याकाळभर जे काही झालं ते सगळं तोंडी होतं. पाहिजे तेव्हा महाबळेश्वर, मे महिन्यात गोवा, आई-वडिलांना बरोबर नेता येईल, नको झालं तर पैसे परत. कागदावरच्या त्या एका ओळीने ती सगळी संध्याकाळ पुसून टाकलेली असते. पुढची कलमं मग ओघानेच येतात. खोली ‘उपलब्धतेनुसार’ मिळेल. हंगामांना रंग दिलेले असतात, आणि स्वस्तात मिळालेल्या रंगात दिवाळी आणि मे महिना बसत नाही. वार्षिक देखभाल शुल्क सहलीला जा अथवा जाऊ नका, भरायचंच. आणि ते दर वर्षी वाढू शकतं. भरलेली रक्कम परत मिळणार नाही. वाद झाल्यास दाद दुसऱ्याच कुठल्या शहरात मागायची.

ज्याच्यासाठी माणूस गेला, ते बक्षीस बहुतेक वेळा एक व्हाउचर असतं: दोन रात्री, तीन दिवस. मी असं एक व्हाउचर भिंग लावून वाचलं आहे, कारण मागची अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. पंधरा दिवसांत नोंदणी केली नाही तर ते बाद. नोंदणीसाठी वेगळं शुल्क. तारखा तीन सुचवायच्या, त्यांतली कोणती द्यायची ते कंपनी ठरवणार. शनिवार, रविवार, दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी वगळून. प्रवास आणि जेवण आपलं. नोकरी करणाऱ्या, शाळेत मुलं असणाऱ्या घराने हे व्हाउचर वापरावं तरी कधी? छापतानाच ते वापरलं जाणार नाही असा हिशेब केलेला असतो.

“लोकांचा लोभ, दुसरं काय!” असं मी सुशिक्षित माणसांकडून फार ऐकते. ते मला मान्य नाही. चिंचवडहून आलेल्या एका जोडप्यामुळे माझं हे मत पक्कं झालं. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारा. ती घरी शिवणकाम करणारी. हॉलमधून त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला होता. तरीही कार्डावर मोठी रक्कम गेली होती आणि तिचे हप्ते बांधले गेले होते. मी तिला विचारलं, “उठायचं मनात होतं, तर सही कशी झाली?” ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या पोरीने आमच्या मुलीला खेळवलं. दोनदा चहा दिला, मुलीला बिस्किटं दिली. दोन तास ती आमच्यासाठी बसली होती. एवढं केल्यावर नुसता कुकर घेऊन उठायचं कसं?”

यात लोभ कुठे आहे? लोभी माणूस कुकर घेऊन कार्यक्रम संपताच निघून गेला असता, त्याला कोणी अडवू शकलं नसतं. ही बाई अडकली ती खाल्ल्या मिठाला जागायच्या संस्कारामुळे. कोणी आपल्यासाठी वेळ दिला, आपल्या लेकराला मायेने वागवलं, तर रिकाम्या हाताने पाठ फिरवू नये, हे तिला लहानपणापासून शिकवलं गेलं आहे. शेजारधर्म, नातीगोती, वाडीवस्तीतले व्यवहार याच जोरावर चालतात. भीड भिकेची बहीण असं आपण म्हणतो आणि भिडस्ताला शहाणपण शिकवायला जातो. पण भीड हा माणुसकीचाच भाग आहे. हॉलमध्ये तिचा भाव केला जातो, आणि एका कुकरच्या किमतीत ती विकत घेतली जाते.

नंतर तीच भीड ओशाळलेपण होऊन घरी जाते. दोघं एकमेकांना दोष देतात. सासरी-माहेरी सांगत नाहीत. शेजाऱ्याला तर नाहीच, कारण ‘फुकटचं घ्यायला गेले होते’ हे ऐकून घ्यावं लागेल. महिने उलटतात. देखभाल शुल्काचं पहिलं पत्र येतं तेव्हा कुठे फाईल बाहेर निघते. ग्राहक आयोगात दाद मागायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि त्यातला बराच काळ लाजेत गेलेला असतो. तक्रार न येणं हाच अशा कंपन्यांचा सगळ्यात मोठा नफा आहे.

म्हणून माझं पहिलं काम असतं कायदा समोर ठेवण्याचं, कारण कायद्याची भाषा या बाबतीत सांत्वनापेक्षा जास्त उपयोगी पडते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० मध्ये लागू झाला, त्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ काय ते सांगितलं आहे. भेट किंवा बक्षीस देण्याचा इरादा नसताना ते देऊ करणं, आणि एखादी गोष्ट फुकट मिळते आहे असा आभास निर्माण करून तिची किंमत व्यवहारातून वसूल करणं, दोन्ही त्यात स्पष्टपणे येतं. हे मी मोठ्याने वाचून दाखवते. बक्षिसाला भुलणं हा गुन्हा कुठेही लिहिलेला नाही. बक्षिसाने भुलवणं लिहिलेलं आहे. हे ऐकताना मांडीवरची फाईल टेबलावर येते, असा माझा अनुभव आहे.

पुढचं काम लिहिण्याचं. तक्रार मी सांगत नाही, त्यांनाच लिहायला लावते. पहिल्या मसुद्यात हमखास ‘आम्ही मोहाला बळी पडलो’ असं वाक्य असतं. ते मी खोडायला सांगते, कारण ती भावना आहे, पुरावा नव्हे. त्याऐवजी काय घडलं ते क्रमाने यायला हवं. फोन किती वाजता आला, कोणत्या नंबरवरून. बक्षीस म्हणून काय सांगितलं. विक्रीचा कार्यक्रम आहे हे सांगितलं होतं का. किती वेळ बसवलं. कोणती आश्वासनं दिली. कराराची प्रत सहीच्या आधी वाचायला दिली की नंतर पिशवीत घातली. चिंचवडच्या त्या बाईंनी हे सगळं शाळेच्या वहीत, शिवणाच्या मापांच्या शेजारी, तारीखवार लिहून आणलं. इतकी स्वच्छ तक्रार मी वकिलांकडूनही क्वचित पाहिली आहे.

मग कंपनीला सभासदत्व रद्द करत असल्याचं पत्र, ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही, पोच जपून. बँकेलाही लेखी वाद कळवायचा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. ते खरंही असतं. पण सेवा सांगितल्याप्रमाणे मिळाली नाही ही वेगळी तक्रार आहे आणि ती तशीच मांडावी लागते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कच नाही. करारात दुसऱ्या शहराचं नाव असलं तरी घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागायचा हक्क दिला आहे. सही केली म्हणजे संपलं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच, एका घरखरेदीच्या प्रकरणात, सही करण्यावाचून गत्यंतर नसलेल्या ग्राहकावर एकतर्फी अटी लादता येणार नाहीत असं म्हटलं आहे.

त्या जोडप्याला पत्र, हेल्पलाइन आणि आयोगातला अर्ज या क्रमाने गेल्यावर बरीचशी रक्कम परत मिळाली. सगळ्यांचं असं होत नाही. कधी हॉल एका संध्याकाळपुरता भाड्याने घेतलेला असतो. कधी कराराच्या पत्त्यावर दुसरीच पाटी लागलेली असते. आयोगाचा आदेश हातात असतो आणि वसूल कोणाकडून करायचं हा प्रश्न उरतो. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी तो सापडावा लागतो. या माणसांच्या घरी मी फोन करते, कारण हरलेल्या तक्रारीनंतर घरातली धुसफूस पुन्हा वर येते.

हॉलमध्ये काम करणाऱ्या पोरांचाही विचार माझ्या मनातून जात नाही. बीड, लातूर, परभणीकडून शिकायला आलेली, मिळेल ती नोकरी धरलेली मुलं. मुलीला खेळवणाऱ्या त्या पोरीला खरंच मुलं आवडत असतील. विक्री झाली नाही तर तिला महिनाअखेर खोलीचं भाडं देणं कठीण. हा धंदा दोन्ही बाजूंच्या चांगुलपणावर जगतो, आणि त्याचे पैसे टेबलावर न बसलेला तिसराच कोणी घेऊन जातो.

यावर उपाय आहे आणि तो जगात करून पाहिलेला आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार अशा कार्यक्रमाच्या निमंत्रणातच तो विक्रीसाठी आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. सही केल्यापासून चौदा दिवस ग्राहकाला कारण न देता करार मोडता येतो, आणि त्या चौदा दिवसांत आगाऊ पैसे घ्यायला मनाई आहे. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांमध्येही विचार बदलण्याची मुदत आहे. हॉलिडे क्लबच्या हॉलमध्ये होणाऱ्या सहीला मात्र अशी सक्तीची मुदत नाही. काही कंपन्या आपल्या करारात थोडे दिवस देतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग राहतो. पंचवीस वर्षांचा करार हॉलमधल्या एका बैठकीत बांधता येतो आणि तो मोडायला एक रात्रही मिळत नाही, ही कायद्यातली उघडी खिंड आहे. ती बुजवायला चौदा दिवस पुरतील. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे, आणि ज्यांनी हे सोसलं आहे त्यांनी तिच्यावर सह्या केल्या पाहिजेत.

तोवर केंद्रात येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी एक काम सांगते. पैसे परत मिळोत न मिळोत, झालं ते आपल्या सोसायटीत, कारखान्यात, भिशीत उघडपणे सांगा. फोनवर काय म्हणाले, कार्ड का मागितलं, टाळ्या केव्हा वाजल्या, सगळं सांगा. माफी मागितल्यासारखं सांगू नका. चिंचवडच्या बाईंनी हे त्यांच्या महिला बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. त्यानंतर त्याच गटातल्या आणखी दोघी फाईल घेऊन आमच्याकडे आल्या, आणि दोघींचीही दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नव्हती.